दोष लिहिण्याची पाळी

शनिवारी दुपारी तीन वाजता काम थांबे. सोल्डरिंगची आयर्नं स्टँडवर जात, आणि ऑफिसातली टायपिस्ट बाई प्रत्येकाच्या टेबलावर निम्म्या पोस्टकार्डाएवढा एक कोरा कागद ठेवून जाई. त्यावर आपल्या एका सहकाऱ्याचं नाव लिहायचं आणि त्या आठवड्यात त्याच्या कामात दिसलेला एक दोष. स्वतःबद्दल लिहायचं नाही. कोरा ठेवायचा नाही. सही करायची नाही. कागदाची घडी दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत टाकली की सुटी.

सोमवारी सकाळी साडेआठला सगळे उभे असताना साहेब त्या आठवड्याची यादी वाचत. यादी टाइप केलेली असे, त्यामुळे कुणाचं अक्षर कुणाला दिसत नसे. दोष कुणाचा ते कळे. कुणी लिहिला ते कळत नसे. वाचून झालं की साहेब “चला, कामाला,” म्हणत आणि केबिनमध्ये जात. आम्ही बावीसजण होतो. पुढचा अर्धा तास बावीसजण एकमेकांच्या हातांकडे बघत काम करत.

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी अँप्लिफायर बनवत असे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, ट्रान्झिस्टरचे. ग्रामपंचायती, तमाशाचे फड, साखर कारखाने ही गिऱ्हाइकं. सत्तरच्या दशकाचा मध्य होता. इलेक्ट्रॉनिक्स हा शब्द आमच्या भागात नवा होता आणि तिथं काम करणाऱ्याकडे लोक आदरानं बघत. मी साताऱ्याहून फिजिक्सची बी.एस्सी. करून आलो होतो. तयार सेट तपासून पास किंवा नापास करणं हे माझं काम. सगळे मला ‘बी.एस्सी.’ म्हणत. दोन वर्षांना थोडे दिवस कमी असताना मी तिथून बाहेर पडलो आणि पुढं वर्तमानपत्रात गेलो. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायचं, हे तिथं शिकलो. या मजकुरातही ते वेगळं ठेवायचा प्रयत्न आहे.

साहेब चाळिशीचे, इंजिनिअर. काही वर्षं परदेशातल्या कारखान्यात होते. त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. माझ्या पहिल्या दिवशी ते म्हणाले, “आपण सेट तपासतो, तसंच एकमेकांना तपासायचं. त्यात राग मानायचा नाही.” किती दोषांना काय होतं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. एका फिटरचं नाव सहा-सात वेळा वाचलं गेलं, तो राहिला. दुसऱ्याचं एकदाच वाचलं गेलं. पुढच्या सोमवारी त्याच्या स्टुलावर दुसरा माणूस होता. यामागचा हिशेब कुणाला लागला नाही, आणि तो लागू नये अशीच व्यवस्था असावी, असं मला आता वाटतं.

त्याचा परिणाम माझ्या टेबलावर येत असे. कुणी कुणाला काही विचारत नसे, कारण विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही याचा पुरावा दुसऱ्याच्या हाती देणं. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांबद्दल शंका आली तरी माणूस अंदाजानं एक उचलून बसवी आणि काम हातानं झाकून घेई. ड्रॉवरला कुलपं आली. दोष कमी करायला काढलेल्या पद्धतीनं दोष वाढत होते, हे माझ्या रजिस्टरात स्पष्ट दिसत होतं. मी ते साहेबांना सांगितलं नाही.

यावर तोड काढली हवालदारांनी. ते सैन्यात सिग्नलमध्ये होते, निवृत्त होऊन आमच्याकडे वायरिंगचे प्रमुख झाले होते. गाव सातारा जिल्ह्यातलंच, ज्या गावात घरटी एक माणूस फौजेत. एका दुपारी चहाच्या सुटीत, इमारतीमागच्या लिंबाखाली, त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

“ड्यूटी लिस्ट लावायची,” ते म्हणाले. “गार्डाला लावत्यात तशी. ह्या आठवड्याला कुणी कुणाचं लिवायचं, काय लिवायचं, समदं आधी ठरलेलं. कुणाच्या नावावर दोन चढायचं न्हाईत आन् कुणी मोकळा ऱ्हायचा न्हाई.”

“आन् खरा दोष दिसला तर?” एकानं विचारलं.

“त्यो त्याच्यापाशी जाऊन तोंडानं सांगायचा. माणसागत.”

ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा एक जाडसर कारागीर होता. तो म्हणाला, “हवालदार, मला जरा बरा दोष द्या. मागल्या बारीला कुणीतरी ‘कामात गाणं म्हणतो’ म्हणून लिवलं. घरात सांगितलं तर बायकू म्हंती, बारा वर्सांत मला न्हाई कवा ऐकवलं.”

“मग ऐकीव की गड्या. दोष तरी खरा हुईल.”

यादी हवालदारांच्या डोक्यात असे. कागदावर कधी आली नाही. शुक्रवारी ते काहीतरी तपासायला टेबलाशी यायचे आणि वाकून दोन वाक्यं सांगून जायचे. दोष लहान असावा, खरा वाटावा आणि पडताळता येऊ नये, एवढेच नियम. चहाचा कप टेबलावर ठेवतो. फरशीवर सोल्डरचे थेंब पडतात. पक्कड जागेवर ठेवत नाही. साहेब हे सगळं गंभीरपणे वाचत आणि आम्ही गंभीरपणे ऐकत असू. दोन महिने असे गेले. लोक पुन्हा एकमेकांना विचारू लागले आणि माझ्याकडचे नापास सेट कमी झाले.

त्या श्रावणात आटपाडीचा एक माणूस वायरिंगला लागला होता. वय पंचवीसच्या आसपास, रेडिओ मेकॅनिकचा आय.टी.आय. झालेला. सहा महिने उमेदवारी, मग कायम. त्याचं सोल्डरिंग आमच्याकडे सर्वांत चांगलं होतं. हे मत नव्हे. रजिस्टरातली नोंद होती. त्या सहा महिन्यांत त्याच्या हातचा एकही सेट माझ्याकडून परत गेला नाही.

त्याची बायको आटपाडीला होती आणि तिला दिवस गेले होते. पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यावर तिला मिरजेच्या दवाखान्यात आणायला निघाले, वाटेत उशीर झाला आणि मूल गेलं. या वेळी नववा लागायच्या आत तिला मिरजेत आणून ठेवायचं, हे त्यानं ठरवलं होतं. दवाखान्याजवळ एक खोली बघून ठेवली होती. घरमालकानं आधी आडनाव विचारलं आणि मग नोकरी कायम असल्याचं पत्र मागितलं. पत्र दाखवलं तर आडनावाचं बघता येईल, असा त्याच्या बोलण्याचा सूर होता, असं या माणसानं मला सांगितलं. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली धम्म घेतलेला. तो तेव्हा लहान होता. उमेदवारी माघात संपत होती. म्हणजे त्याचं सगळं त्या एका पत्रावर अडलं होतं, आणि ते साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी साहेबांनी यादी वाचून संपवली, कागदाची घडी केली आणि म्हणाले, “गेले काही आठवडे दोष फार सारखे वाटले जातायत. रेशनसारखे.” ते हसले आणि आत गेले.

म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं. किंवा मागच्या याद्या पुढ्यात घेऊन त्यांनी स्वतः नावं मोजली होती. ही दुसरी शक्यता मला पुष्कळ वर्षांनी सुचली. त्या सोमवारी सगळ्यांना पहिलीच सुचली.

लिंबाखालची गर्दी त्या दिवसापासून तीन-चार ठिकाणी विभागली. पहिला संशय टायपिस्ट बाईंवर गेला, कारण चिठ्ठ्यांची अक्षरं त्या बघत. दुसरा माझ्यावर. चाचणीची खोली साहेबांच्या केबिनला लागून होती आणि मधल्या भिंतीत काच होती.

“बी.एस्सी., तुमच्या काचंतनं सगळं दिसतंय म्हनं,” ट्रान्सफॉर्मरवाला सर्वांसमोर म्हणाला.

“दिसतं. ऐकू येत नाही.”

“आमी कुठं म्हनलं तुमी ऐकता म्हणून? आमी म्हनलं, ऐकवता का?”

सगळे हसले. हवालदार हसले नाहीत, ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्यावरच संशय घेत होतो. ज्याच्या डोक्यात यादी, तोच ती विकू शकतो. मी एका कागदावर टिपायला सुरुवात केली: केबिनमध्ये कोण गेलं, कधी गेलं, किती मिनिटांनी बाहेर आलं. पंधरा दिवसांनी तो कागद वाचला, तेव्हा तो साहेबांच्या फाइलमध्ये शोभला असता. मी तो फाडला. पण फाडण्याआधी दोनदा वाचला, हेही खरं.

यादी बंद करावी, असं काहीजणांचं म्हणणं होतं. हवालदारांनी ऐकलं नाही. फक्त सूचना बदलली. “आता दोष जरा खरा वाटंल असा लिवायचा,” ते प्रत्येकाला सांगत फिरले. “गुळगुळीत नगं.”

त्या आठवड्यात आटपाडीच्या माणसाचा दोष लिहायची पाळी माझी होती. ठरलेला दोष असा: आयर्नचं टोक स्पंजऐवजी ओल्या फडक्याला पुसतो. हे तो खरोखरच करत असे. स्टोअरमधून मिळणारे स्पंज आठवड्यात जळून जात, आणि ओल्या सुती फडक्यानं टोक जास्त स्वच्छ राही. कामाला त्यानं काहीही बाध येत नव्हता.

शुक्रवारी हवालदार मला हे सांगत होते तेव्हा तो माणूस पास झालेले सेट न्यायला खोलीत आला. त्यानं ऐकलं.

“हवालदार, एक इचारू?” तो म्हणाला. “मागल्या खेपंला माझ्या नावावर काय व्हतं? हात न धुता बोर्ड धरतो. त्याच्या आधी? टेबल पुसत न्हाई. आता फडकं. माझ्या वाट्याला समदं धुवायचं-पुसायचंच कसं काय येतंय?”

हवालदारांचा चेहरा लाल झाला. “आरं, जे तोंडाला आलं ते सांगितलं मी. तसं काय मनात न्हाई.”

“मनात न्हाई ते ठाव हाय. म्हणून तर इचारलं, तोंडाला कसं आलं.”

तो सेट उचलून गेला.  हवालदार म्हणाले, “पुढल्या बारीला बदलू. आता उद्याच लिवायचंय, ऱ्हाऊ द्या हेच.”

शनिवारी मी ते लिहिलं. पण ठरलेल्या वाक्याला मी दोन गोष्टी जोडल्या. एक, वार: गुरुवार. दुसरी, त्या गुरुवारी त्याच्या टेबलावर असलेल्या सेटच्या लॉटचा नंबर. नंबर घालायला मला कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं विधान खोटं वाटतं, नंबर असलेलं विधान खरं वाटतं, एवढा विचार त्यामागे होता. शिवाय संशय माझ्यावर आहे, तर निदान माझी चिठ्ठी तरी खोटी वाटू नये, हाही असेल. चिठ्ठी चांगली झाली आहे, असं मला ती पेटीत टाकताना वाटलं होतं.

पौषात औंधच्या यात्रेहून एक सेट परत आला, पोत्यात गुंडाळलेला. एका लाउडस्पीकरवाल्यानं तो यात्रेत पुकारा करायला लावला होता. चुकलेल्या पोरांची नावं, हरवलेल्या पिशव्या, एस.टी.च्या वेळा. ऐन गर्दीत सेट बंद पडला आणि कर्णे मुके झाले. लाउडस्पीकरवाल्याचं रागाचं पत्र पोत्यातच होतं. सेटच्या मागच्या पट्टीवर लॉटचा नंबर होता. तो मी चिठ्ठीत घातलेलाच होता.

मी झाकण काढलं. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा होता. तो कंपनीतून गेला नव्हता. आमच्याकडून काचेचाच फ्यूज जात असे. म्हणजे आधी फ्यूज उडाला होता आणि कुणीतरी तार घालून सेट पुढं चालवला होता. शेवटचे दोन्ही ट्रान्झिस्टर जळले होते आणि ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता. सोल्डरचा एकेक जोड चिमट्यानं ओढून बघितला. एकही हलला नाही. रिपोर्टात हे सर्व लिहिलं, शेवटी ‘जोडकाम निर्दोष’ असं लिहिलं आणि सही केली.

सोमवारी यादी वाचून झाल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं आणि खुर्ची दाखवली. त्या खुर्चीवर कामगारांपैकी कुणाला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बसल्यावर लक्षात आलं की केबिनच्या दारातल्या काचेतून बाहेरच्या सर्व टेबलांवरून मी दिसतो आहे.

टेबलावर माझा रिपोर्ट होता. शेजारी माझी चिठ्ठी. टाइप केलेली नव्हे, माझ्या हातची. साहेबांच्या मागचं कपाट उघडं होतं. त्यात दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे होते आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक नाव. वरच्या गठ्ठ्यावर माझं नाव होतं. ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलं त्यांचे ते गठ्ठे नव्हते. ज्यांनी लिहिलं त्यांचे होते. सही नसलेल्या चिठ्ठ्या अक्षरावरून लावून ठेवलेल्या. टायपिंग आमच्यापुरतं होतं.

“अक्षर एकच आहे,” साहेब म्हणाले.

“हो.”

“रिपोर्ट म्हणतो, जोडकाम निर्दोष. चिठ्ठी म्हणते, याच लॉटवर हा माणूस चुकीच्या पद्धतीनं काम करत होता. यातलं खोटं कुठलं?”

चिठ्ठी खोटी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग बाकीच्या? रिपोर्ट खोटा म्हटलं असतं तर आटपाडीचा माणूस त्याच दिवशी घरी गेला असता.

“दोन्ही खरं आहे,” मी म्हणालो. “फडक्याला पुसल्यानं जोड बिघडत नाही.”

“मग दोष म्हणून का लिहिलंत?”

“काहीतरी लिहावं लागतं.”

“ठीक. नंबर का घातलात? नंबरही घालावा लागतो?”

 साहेब थांबले. त्यांना थांबता येत असे. बाहेर कुणाचंही आयर्न चालू नव्हतं.

“त्याला कायम करावं, असं तुमचं मत आहे?”

“हो.”

“लिहून द्याल?”

“देईन.”

“तुमचं लिहिलेलं किती धरायचं, हाच तर प्रश्न आहे,” साहेब म्हणाले, आणि दोन्ही कागद एकत्र पिनेनं टाचले.

मी आत अर्धा तास होतो. दुसऱ्या दिवशी आटपाडीच्या माणसाला पत्र मिळालं. कायम केल्याचं नव्हे, काढल्याचंही नव्हे: उमेदवारी तीन महिन्यांनी वाढवली होती. कारण दिलेलं नव्हतं. फाल्गुनात बाळंतपण, आणि पत्र मिळालंच तर वैशाखात.

बाहेरच्यांनी काय पाहिलं होतं? बी.एस्सी. खुर्चीवर बसला, अर्धा तास बोलला आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं पत्र आलं. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळा निष्कर्ष काढला नसता.

बुधवारी जेवणाच्या सुटीत तो चाचणीच्या खोलीत आला. दार उघडंच ठेवलं.

“चिठ्ठी तुमी लिवली.”

“हो.”

“ते यादीतलं हाय, मला ठाव हाय. नंबर कुणी घालाय सांगितला?”

“कुणी नाही.”

“सायबानं?”

“नाही. मीच घातला.”

“का?”

मी खरं कारण सांगितलं. तो ऐकत राहिला. त्यातलं त्याला काही पटलं असं दिसलं नाही. माझ्या मिरजेच्या खोलीचा मी तेव्हाच विषय काढला: मी एकटा आहे, खोली त्यानं घ्यावी, मी सांगलीत मित्राकडे राहीन.

“नगं,” तो म्हणाला. “तुमच्या खोलीत ऱ्हायचं आन् सोमवारी काय वाचून दाखवतील ते ऐकायचं, ते नगं. मला दुसरं द्या. त्यो रिपोर्ट तुमी लिवलाय न्हवं, जोड निर्दोष म्हणून? त्येची नक्कल द्या. सही करून.”

कंपनीचा कागद बाहेर देणं म्हणजे नोकरी जाणं, हे दोघांनाही माहीत होतं. तो नक्कल कुठं दाखवणार होता ते मी विचारलं. त्यानं सांगितलं नाही. मला ती साहेबांसमोरच ठेवली जाईल अशी शंका आली. मला अडकवायला त्याला पुरेसं कारण होतं. तरी मी कोऱ्या कागदावर नक्कल लिहिली, त्याच्या सहा महिन्यांच्या सेटची नोंदही खाली लिहिली आणि सही केली. त्यानं दोनदा वाचलं.

“तारीख,” तो म्हणाला.

तारीख घातली.

“आता साक्षीदार पायजे. एकट्या तुमच्या सहीचा मला भरोसा न्हाई.”

तो जाऊन हवालदारांना घेऊन आला. हवालदारांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, “हे आधी सुचलं असतं तर?” आणि हुद्द्यासकट सही केली. जाताना मला म्हणाले, “बी.एस्सी., माझी यादी तुमी सायबाला सांगितली का न्हाई, येवढं एकदा खरं सांगा.”

“नाही सांगितली.”

“बरं,” ते म्हणाले. त्या ‘बरं’चा अर्थ मला लावता आला नाही.

शनिवारी चिठ्ठ्या झाल्या. सोमवारी साहेबांनी यादी वाचली. नववं वाक्य असं होतं: चाचणी विभागातून कंपनीचा कागद बाहेर गेला. नाव माझं.

त्या कागदाबद्दल तिघांना माहीत होतं. त्यातला एक मी. आटपाडीचा माणूस त्या सोमवारी कामावर आलाच नाही. त्यानं शनिवारी मात्र काम केलं होतं आणि चिठ्ठीही टाकली होती. हवालदार नेहमीच्या जागी उभे होते, नजर समोर. शिवाय बुधवारी दार उघडं होतं. चौथ्या कुणी ऐकलं असेल तर त्याचीही शक्यता धरायला हवी.

साहेबांनी मला बोलावून राजीनामा मागितला. या वेळी खुर्ची दाखवली नाही. मी राजीनामा लिहून दिल्यावर त्यांनी कपाटातून एक चिठ्ठी काढली आणि टेबलावर पालथी ठेवली.

“बघायचं आहे, कुणी लिहिलं?”

“नको.”

यात माझा मोठेपणा नव्हता. ती चिठ्ठी त्या शनिवारचीच आहे, हे मला कसं कळणार होतं? त्यांनी मला जे दाखवायचं ठरवलं असेल, ते दिसलं असतं.

फाल्गुनात मी खोली सोडून साताऱ्याला निघालो, त्या आधीच्या दिवशी दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानात तो भेटला. हातात थर्मास होता. मला बघून थांबला, पण दुकानाच्या पायरीवरून उतरला नाही.

मी विचारायच्या आत तोच म्हणाला, “मुलगी झाली. परवा. दोघी बऱ्या हायती.”

“वेळेवर आणलंत?”

“आणायचं काय, खोलीपास्नं चालत आली. दहा मिनिटं.” नक्कल त्यानं स्टेशनसमोरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दाखवली होती. दुकानदारानं एक बिघडलेला सेट पुढं सरकवला, तो त्यानं तिथंच उघडून चालू केला आणि लगेच कामाला लागला. दुकानाच्या छापील कागदावर पत्र मिळालं, घरमालकानं ते उजेडात धरून बघितलं आणि किल्ली दिली.

“म्हणजे कागद कामाला आला,” मी म्हणालो.

“कागद दुकानदारानं ठेवून घेतला. सेट चालू केला म्हणून काम दिलं, असं त्यो म्हनतो.”

 रस्त्यावरून पेशंट बसवलेला एक टांगा गेला.

“तुमी मला काय इचारनार हाय का?” तो म्हणाला.

“कशाबद्दल?”

“त्येच. शनिवारच्या चिठ्ठीचं.”

मी नाही म्हणालो.

“मग मीबी इचारत न्हाई, खुर्चीवर बसून अर्धा तास काय बोललासा ते.”

दवाखान्याच्या दारावरच्या शिपायानं भेटीची वेळ झाल्याची घंटा दिली. बाहेर थांबलेली माणसं डबे आणि थर्मास घेऊन दाराकडे सरकली. तो पायरीवरून उतरला, त्यांच्यात मिसळला आणि आत गेला. चला, बघा तरी, असं तो म्हणाला नाही. मीही येऊ का, असं विचारलं नाही.